ह्युमिडिफायर घेण्याआधी घरातले पाणी मोजा

उन्हाळा लागला की केज परिसरातल्या दवाखान्यांत काही तक्रारी ठरलेल्या असतात. मुलाचा रात्री घोळणा फुटला, सकाळी उठल्यावर घसा कोरडा पडतो, ओठ फुटले, डोळ्यांत कचरा गेल्यासारखे वाटते. अलीकडे या तक्रारींच्या जोडीने एक प्रश्नही येतो. पालक मोबाइलवरचा फोटो दाखवतात आणि विचारतात, "डॉक्टर, हे वाफेचे यंत्र बाळाच्या खोलीत लावू का?" फोटो ह्युमिडिफायरचा, म्हणजे खोलीतल्या हवेत ओलावा सोडणाऱ्या यंत्राचा असतो. कोणी ऑनलाइन जाहिरात पाहिलेली असते, तर कोणाला अमेरिकेतल्या नातेवाइकाने सुचवलेले असते.

माझे उत्तर बहुतेक वेळा असे असते: यंत्राची किंमत नंतर बघू, आधी तुमच्या घरी पाणी किती दिवसांनी येते ते सांगा. हा प्रश्न का विचारावा लागतो, हे समजले की यंत्र घ्यायचे की नाही, कोणते घ्यायचे आणि कसे सांभाळायचे हे तुम्हीच ठरवू शकाल.

सल्ला तिकडचा, घर इकडचे

ह्युमिडिफायर हे मुळात थंड देशांतले साधन आहे. तिथे हिवाळ्यात दारे-खिडक्या बंद असतात आणि घर यंत्राने गरम केले जाते. बाहेरची गार हवा आत येऊन तापली की तिची आर्द्रता फार उतरते. अशा बंद खोलीत छोटे यंत्र तासाला पाव लिटर पाणी हवेत सोडते, तेव्हा तो ओलावा खोलीतच राहतो. नळाला चोवीस तास पाणी असते, त्यामुळे "टाकी रोज रिकामी करून धुवा" ही सूचना पाळणे सोपे जाते.

आपल्याकडे हवा उन्हाळ्यात कोरडी होते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि दुपारची आर्द्रता अनेकदा २५ टक्क्यांच्या खाली येते. घर मात्र उघडे असते. दारातून, खिडकीतून, पत्र्याच्या फटींतून वारा खेळत असतो. अशा घरात पाव लिटर पाण्याचा ओलावा काही मिनिटांत बाहेर निघून जातो. यंत्र चालू असते, पण खोलीतल्या आर्द्रतेत म्हणावा तसा फरक पडत नाही.

शिवाय हवेत ओलावा आणणारे यंत्र आपल्या बहुतेक घरांत आधीच आहे. ते म्हणजे कूलर. ओल्या गवतातून किंवा पॅडमधून हवा खेचायची आणि बाष्पीभवनाने ती गार व दमट करायची, हेच त्याचे काम. कोरड्या दुपारी घरगुती कूलर तासाला चार-पाच लिटर, मोठा असेल तर त्याहून जास्त पाणी हवेत सोडतो. केजमधल्या घरापुरता "कोणता ह्युमिडिफायर घ्यावा?" हा प्रश्न खरे तर "आहे तो कूलर नीट कसा ठेवावा?" असाच आहे.

पाण्याचा संबंध कुठे येतो

धनेगावचे मांजरा धरण केज तालुक्यातच आहे. केज, अंबाजोगाई, कळंब आणि लातूर ही गावे त्याच्या पाण्यावर अवलंबून आहेत. २०१६ च्या उन्हाळ्यात हे धरण कोरडे पडले आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत १० टँकर वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. याउलट सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातल्या अनेक गावांत पाणी शिरले. म्हणजे ज्या घराच्या भिंती एका वर्षी पावसाळ्यात ओलीने फुगतात, तेच घर दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत असते.

या टंचाईची सवय आपल्या हाताला लागली आहे. पाणी आले की आपण पिंप, टाक्या, घागरी भरून ठेवतो आणि थेंबही फेकायला जीव होत नाही. कूलरमधले उरलेले पाणी तसेच ठेवून त्यावर नवे पाणी ओततो. या सवयीला नावे ठेवण्यात अर्थ नाही, ती परिस्थितीने लावली आहे. पण ओलावा देणाऱ्या यंत्रात साठलेल्या पाण्यातून तीन प्रकारचा त्रास होतो.

पहिला त्रास डासांचा. डेंग्यू पसरवणारा एडीस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. त्याची अंडी टाकीच्या कडेला, पाण्याच्या रेषेलगत चिकटलेली असतात आणि टाकी सुकली तरी ती कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही, टाकीच्या कडा घासाव्या लागतात. आरोग्य विभाग आठवड्यातून एक "कोरडा दिवस" पाळायला सांगतो, त्यामागे हेच गणित आहे.

दुसरा त्रास जंतूंचा. कोमट, साचलेल्या पाण्यात जिवाणू आणि बुरशी वाढतात आणि गुळगुळीत थर धरतात. लिजिओनेला नावाचा जिवाणू अशाच पाण्याच्या सूक्ष्म थेंबांतून फुफ्फुसात जातो आणि न्यूमोनिया करतो. २००८ च्या अखेरीस सायप्रसमधल्या एका रुग्णालयात नवजात बाळांच्या खोलीतल्या ह्युमिडिफायरमधून हा संसर्ग पसरला आणि काही बाळे दगावली. काही लोकांना घाणेरड्या यंत्राच्या हवेमुळे ताप, अंगदुखी, कोरडा खोकला, धाप असा त्रास होतो आणि यंत्र बंद केले की तो कमी होतो.

तिसरा त्रास क्षारांचा. बोअरचे पाणी जड असते हे घरातल्या पांढऱ्या पडलेल्या नळांवरून कळतेच. पाणी उडून जाते, क्षार मात्र टाकीत उरतात. वरून पाणी ओतत राहिले तर टाकीतले पाणी दिवसेंदिवस अधिक खारट होत जाते. मग पॅडवर कडक थर बसतो, पंप अडकतो आणि त्या थरात जंतूंना आसरा मिळतो.

कोणते यंत्र निवडावे

बाजारात मुख्यतः तीन प्रकार दिसतात.

- अल्ट्रासोनिक ह्युमिडिफायर: हा स्वस्त आणि आवाज न करणारा. जाहिरातीत जास्त दिसतो तोच. तो पाणी उकळत नाही, कंपनाने त्याचे बारीक थेंब करून हवेत सोडतो. त्यामुळे पाण्यात जे असेल, म्हणजे क्षार, जंतू, औषध, तेही हवेत जाते. बोअरचे पाणी घातले तर सामानावर पांढरी पूड बसते आणि तीच श्वासातही जाते. याला क्षार काढून टाकलेले पाणीच लागते.
- वाफेचे यंत्र: यात पाणी उकळते, त्यामुळे जंतू कमी. पण गरम पाणी सांडून मुले भाजतात. रांगते मूल असलेल्या घरात मी हे सुचवत नाही.
- बाष्पीभवनाचे यंत्र: ओल्या पॅडमधून पंखा हवा सोडतो, म्हणजे कूलरचेच तत्त्व. बहुतेक क्षार पॅडवरच अडकतात. आपल्या पाण्यासाठी हा प्रकार त्यातल्या त्यात बरा.

घरात कूलर असेल तर वेगळे यंत्र घेण्याची गरज सहसा नसते. घ्यायचेच असेल तर टाकी लहान, हात आत जाईल एवढ्या तोंडाची आणि सगळे भाग सुटे होणारे असावेत. मोठ्या टाकीचे आकर्षण वाटते, पण जे पाणी तुम्ही रोज बदलू शकणार नाही ते मोठ्या टाकीत जास्त दिवस सडते.

यंत्राच्या आधी एक आर्द्रतामापक घ्या. त्याला हायग्रोमीटर म्हणतात आणि तो फार महाग नसतो. खोलीतली आर्द्रता ३० ते ५० टक्के असेल तर यंत्र लावू नका. ५० च्या वर सतत राहिली तर धुळीतले सूक्ष्म कीटक आणि बुरशी वाढते आणि दम्याच्या रुग्णाचा त्रास वाढू शकतो. जून ते सप्टेंबर तर हा विचारही नको.

कूलर कसा सांभाळावा

१. हंगामाची सुरुवात. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे पाच-सहा महिन्यांनी परत येतात, दार उघडतात आणि कोपऱ्यातला कूलर तसाच सुरू करतात. आत गेल्या वर्षीचे गवत, धूळ, बुरशी आणि कदाचित एडीसची अंडी असतात. आधी जुने गवत बदला, टाकी घासून धुवा, पंप साफ करा. पहिली १५-२० मिनिटे कूलर दारे-खिडक्या उघडून चालवा आणि त्या वेळी खोलीत कोणी बसू नका.

२. रोज. शक्य असेल तर सकाळी उरलेले पाणी काढा. ते फेकायची गरज नाही. फरशी पुसायला, संडासात टाकायला ते चालते. झाडांना फार खारट पाणी देऊ नका.

३. आठवड्यातून एकदा. टाकी पूर्ण रिकामी करा, कडा आणि तळ ब्रशने घासा, उन्हात कोरडी होऊ द्या. पाणी टंचाईचे असले तरी एवढे टाळू नका. चार घरांनी मिळून एक वार ठरवला तर गल्लीतले डास कमी होतात.

४. क्षार काढायला. पांढरे व्हिनेगर किंवा किराणा दुकानातले लिंबूसत्त्व पाण्यात मिसळून थरावर अर्धा तास ठेवा, घासा, धुवा. यासोबत ब्लीचिंग पावडर कधीही वापरू नका. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

५. पाण्यात काही टाकू नका. अँटिसेप्टिक द्रव, फिनाईल, कापूर, निलगिरी तेल, अत्तर, काहीही नको. दक्षिण कोरियात १९९४ पासून ह्युमिडिफायरच्या पाण्यात टाकायचे जंतुनाशक दुकानांत विकले जात होते. २०११ मध्ये गरोदर व बाळंत स्त्रियांना फुफ्फुसाचा गंभीर आजार होऊ लागला, तेव्हा त्याचे कारण हेच जंतुनाशक असल्याचे समोर आले. त्यात शेकडो लोकांचे प्राण गेले. भांडे धुवायला चालणारे रसायन श्वासातून आत गेले की घातक ठरू शकते.

६. खिडकी किलकिली ठेवा. बंद खोलीत कूलर चालवला तर दमटपणा वाढतो, घाम सुकत नाही आणि उकाडा उलट जास्त जाणवतो. कूलरच्या समोरच्या बाजूला हवा जायला वाट हवी.

७. विजेची काळजी. पाणी भरण्यापूर्वी प्लग काढा. ओल्या हाताने, अनवाणी पायाने कूलरला हात लावू नका. तीन पिनांचा प्लग आणि चालू अर्थिंग नसेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. लोखंडी कूलरचा शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात.

पाणी नसेल तेव्हा

पाणी बदलता येत नसेल अशा आठवड्यात पाण्याशिवाय नुसता पंखा बरा. मात्र पारा ४० च्या वर असेल तर केवळ पंख्यावर विसंबू नका. अंग ओल्या फडक्याने पुसा, दुपारी घरातल्या सगळ्यात गार खोलीत राहा, म्हाताऱ्या माणसांकडे आणि बाळांकडे वारंवार लक्ष द्या.

कोरडेपणाचा त्रास घालवायला यंत्रच लागते असेही नाही. नाक कोरडे पडत असेल तर औषध दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब दिवसातून तीन-चार वेळा घाला. ओठांना आणि टाचांना पेट्रोलियम जेली लावा, आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल लावा. सर्दी-खोकला यंत्रामुळे लवकर बरा होतो असा ठोस पुरावा नाही, आणि लहान मुलाला उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफ देणे धोक्याचे आहे.

घोळणा फुटला तर मुलाला पुढे वाकवून बसवा आणि नाकाचा मऊ भाग सलग दहा मिनिटे चिमटीत धरा. डोके मागे करू नका, रक्त घशात उतरते.

डॉक्टरांकडे कधी जावे

- नीट दाबूनही नाकातले रक्त २० मिनिटांत थांबले नाही, वारंवार येऊ लागले, किंवा रुग्णाला रक्तदाब असेल अथवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल.
- ताप, डोळ्यांमागे दुखणे, अंगावर पुरळ, पोटात दुखणे, सतत उलट्या. डेंग्यूची शंका असेल तर स्वतःहून वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. तापाला पॅरासिटामॉल चालते.
- कूलर किंवा ह्युमिडिफायर सुरू केल्यापासून खोकला, धाप किंवा ताप येऊ लागला आणि घराबाहेर राहिल्यावर बरे वाटते. हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. आम्ही विचारायचे विसरतो.
- उन्हात किंवा गरम खोलीत राहिल्यावर बडबड, गुंगी, झटके. हा उष्माघात असू शकतो. अंग ओले करून वारा घाला आणि ताबडतोब दवाखान्यात न्या. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

यंत्र विकत घेताना दुकानदार किंमत, वॉट आणि वॉरंटी सांगतो. टाकी रोज कोण धुणार आणि त्यासाठी पाणी कुठून येणार, याचे उत्तर घरातच ठरवायचे असते. बहुतेक घरांत हे काम बाईच्या वाट्याला येते, आणि पाणी भरणेही तिच्याच. म्हणून खरेदीआधी तिला विचारा, आणि आठवड्याची ती घासाघाशी वाटून घ्या.