मजुरी कसली त्यात?

"बोअर चढवायला असा कितीसा वेळ लागतो? पाच मिनिटं. मग मजुरी कसली त्यात एवढी?"

हे वाक्य मी आमच्या बेलापुरात इतक्यांदा ऐकलंय की आता कान किटले. (बेलापूर म्हणजे नवी मुंबईतलं नव्हे हो! प्रवरेकाठचं, श्रीरामपूर तालुक्यातलं. तिकीट काढताना गोंधळणारे अजून भेटतात.) बोलणारे बहुतेक वेळा आमचेच काका-मामा असतात, आणि त्यातले दोघे-तिघे हे वाचतात हेही मला ठाऊक आहे. वाचा. तुमच्यासाठीच लिहितोय.

माझं म्हणणं एवढंच आहे: आपण हाताच्या कसबाचे पैसे देत नाही, म्हणून आपल्याला नको असलेल्या वस्तूंचे पैसे द्यावे लागतात. आणि वर आपणच ओरडतो, की मिस्त्री लबाड झालेत.

टू-स्ट्रोक इंजिन आपल्याला काही परकं नाही. १९७२ साली किनेटिकची लूना आली आणि त्याच वर्षी बजाजची चेतक. किनेटिकचा कारखाना नगरला, त्यामुळे लूना म्हणजे घरचीच लेक. रस्त्यावरून ही इंजिनं गेली ते बरंच झालं, त्यांच्या धुराची कड मी घेणार नाही. पण शेतातून ती गेलेली नाहीत. पाठीवरचा पेट्रोलचा फवारणी पंप, गवत कापायचं मशीन, लाकूड कापायची करवत... यांत आजही तेच छोटं इंजिन फटफटत असतं. आणि ते बंद पडतं नेमकं ऐन फवारणीत.

आता त्या 'पाच मिनिटां'त काय काय असतं ते बघू.

आधी क्रँककेसच्या तोंडावर स्वच्छ फडकं कोंबायचं, कारण गजन पिनचं लॉक आत पडलं तर पाच मिनिटांचं काम दिवसभराचं होतं. लॉक नवंच घालायचं, जुनं सरळ करून नाही. पिस्टनवर बाण असेल तर तो सायलेन्सरच्या बाजूला. खाचेतला कार्बन खरवडायचा, तोही तुटलेल्या जुन्या रिंगेच्या टोकानं, म्हणजे खाच रुंद होत नाही. मग नवी रिंग एकटीच रिकाम्या सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजनं बघायची. फट राहिलीच नाही, तर इंजिन तापल्यावर रिंग वाढते, टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टन जाम होतो.

खरं मर्म पुढे आहे. टू-स्ट्रोकच्या पिस्टनच्या खाचेत एक इवलीशी पिन असते, टाचणीच्या डोक्याएवढी. रिंगेची दोन टोकं बरोबर त्या पिनेच्या दोन बाजूंना यावी लागतात. फोर-स्ट्रोकमध्ये रिंग खाचेत फिरली तरी चालतं, तिथे सिलिंडरची भिंत सलग असते. टू-स्ट्रोकच्या भिंतीला मात्र खिडक्या असतात, ज्यांना पोर्ट म्हणतात. रिंगेचं टोक फिरत फिरत खिडकीपाशी आलं की अडकलं, आणि अडकलं की मोडलं. म्हणून ती पिन.

समजा, रिंगेचं टोक त्या पिनेवर चढून बसलंय आणि तुम्ही वरून सिलिंडर दाबताय. तो उतरत नाही. ज्याला कारण ठाऊक आहे तो थांबतो, सिलिंडर वर घेतो, रिंग पुन्हा बसवतो. ज्याला ठाऊक नाही तो हातोडीचा दांडा उचलतो. एक बारीक 'टक्' ऐकू येतं. ओतीव लोखंडाची रिंग, ती वाकत नाही, तुटते. मग म्हणायचं, "पार्ट डुप्लिकेट होता."

नीट करणारा पिस्टनखाली लाकडाच्या दोन पट्ट्या घालतो, म्हणजे तो डुलत नाही. रिंगांना आणि भिंतीला ऑइल लावतो. अंगठा आणि बोट यांत रिंग चिमटून धरतो आणि सिलिंडर सरळ खाली सोडतो. पिळत नाही, कारण पिळलं की टोक पोर्टात शिरू शकतं. एक रिंग आत गेली की दुसरी. जोर लागतो तो तळहाताच्या वजनाएवढा. जोर लागला नाही म्हणून आपल्याला वाटतं, त्यानं केलं काय?

गेल्या पावसाळ्यात आमच्या पंपाचं कॉम्प्रेशन गेलं. एका दुकानात नेला. इंजिन खोललं, मी सिलिंडरच्या आत नख फिरवून पाहिलं, कुठेही ओरखडा लागत नव्हता. झिजल्या होत्या फक्त रिंगा. तरी उत्तर आलं, "पूर्ण किटच टाका." का म्हणून विचारलं, तर तो गडी खरं बोलला. "दादा, रिंगांची मजुरी सांगितली की लोक भांडतात. किट टाकलं की पावती बघून गप देतात."

सांगा आता, लबाड कोण?

रिंगा स्वस्त, किट त्यांच्या कित्येक पट. चांगला सिलिंडर, चांगला पिस्टन भंगारात. एका माणसाच्या अर्ध्या तासाच्या कसबाला आपण नाक मुरडलं, म्हणून हे सगळं झालं. त्याचा नफा आता त्याच्या हातात नाही, खोक्यात आहे. मग त्याच्या हाताखालचा पोरगा काय शिकणार? खोकं फोडायला!

याला एक उत्तर मिळेल, आणि ते खोटं नाही. सिलिंडर खरोखर ओरखडला असेल किंवा अंडाकृती झिजला असेल, तर नुसत्या रिंगा घालणं म्हणजे पैसे पाण्यात. आताच्या बऱ्याच छोट्या इंजिनांत ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला आतून क्रोमचा मुलामा असतो, त्याला रिबोअरही करता येत नाही. तिथे किटच हवं, मान्य. पण ते ठरवायलाही ओळखणारा माणूस लागतोच की! पारखायचे पैसे कुणी द्यायचे?

सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी पोर्टल सुरू केलं. चांगलंच आहे, पार्ट आणि माहितीपुस्तिका मिळायला हव्यातच. पण ती माहिती हातात उतरवणाऱ्याला आपण शंभर रुपयांसाठी अर्धा तास उभं करणार असू, तर तो हक्क घेऊन करायचंय काय? आयटीआयमध्ये फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. दोन वर्षं! आणि आपण म्हणतो, 'त्यात काय, नुसतं फिट तर करायचंय.'

२०२४ मध्ये विजेवरची ई-लूना आली. तिला पिस्टन नाही, रिंग नाही. आमचे काका खूश आहेत, आता मिस्त्रीची कटकट गेली म्हणून. काका, गेलेली नाही. उद्या त्यात एखादा जोड सैल झाला आणि तो शोधणारा कुणी उरला नसला, तर अख्खा कंट्रोलर बदलायला सांगतील. तेव्हाही तुम्ही पावती बघून गप पैसे द्याल.

तेव्हा पुढच्या वेळी एवढं करा. मजुरी वेगळी लिहून मागा. काढलेला पार्ट परत मागा आणि त्यावर नख फिरवून बघा. आणि मजुरीत घासाघीस करू नका. घासाघीस करायचीच असेल तर ती किटच्या किमतीत करा, बघू जमते का!