शाळेतील दांडगाई आणि घरातील मौन

शाळेत एखाद्या मुलाची बोलण्यावरून, रंगावरून वा जातीवरून टिंगल सुरू झाली, की छळणारे दोघे-तिघेच असतात. मुकाट पाहणारे मात्र वर्गभर. त्यांचे मन कोठे घडते? नॉर्वेचे संशोधक डॅन ओल्वेअस यांनी या दांडगाईची मुळे शोधताना मायेचा ओलावा नसलेल्या, मारहाणीवर चालणाऱ्या आणि मुलांच्या आक्रमकतेकडे डोळेझाक करणाऱ्या घरांकडे बोट दाखविले. आपल्या सुशिक्षित घरांतून आणखी एक पाठ दिला जातो : ‘तू कशाला मध्ये पडतोस?’

१८९९ साली प्लेगने भगूरच्या सावरकर कुटुंबातील वडील व काका हिरावले. धाकटा भाऊही आजारी पडला. प्लेगच्या घराची सावलीही लोक टाळत असताना नाशिकच्या रामभाऊ दातारांनी या कुटुंबाला आपल्या घरी आसरा दिला. विनायकराव तेव्हा सोळा वर्षांचे होते. संकटातील माणसाच्या पाठीशी कसे उभे राहावे, हे त्यांनी त्या कोवळ्या वयात प्रत्यक्ष पाहिले.

महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला. तो आवश्यकच; परंतु शिक्षा अपराधानंतर होते, संस्कार त्याआधी व्हावे लागतात. व्यासपीठावर समरसता सांगणाऱ्यांच्या घरी जेवताना जातीवरून विनोद होत असतील, मोलकरणीला अरे-तुरे होत असेल, तर मुले तेच उचलतील. म्हणून आज रात्री पानावर बसल्यावर गुणांची चौकशी बाजूला ठेवून मुला-मुलींना एवढेच विचारावे : वर्गात आज एकटे कोण पडले होते, आणि तू त्याच्याजवळ गेलास का?