पंचनाम्यात न येणारी हानी

२०२४ च्या सप्टेंबरात परभणी जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर पुन्हा तोच प्रसंग ओढवला. सोयाबीन किती कुजले, जनावरे किती वाहून गेली, याचे पंचनामे झाले. परंतु पूर ओसरून महिने लोटले तरी आभाळ भरून येताच ज्याच्या छातीत धडकी भरते, जो रात्रभर छपराकडे पाहत पडून राहतो, त्याच्यासाठी पंचनाम्यात रकाना नाही. आणि आमचा सुशिक्षित वर्ग त्यास सांगतो, 'काळ हेच औषध!'

बहुतेकांची जखम काळाने भरते, हे आम्हांस मान्य आहे. प्रश्न ज्यांची भरत नाही त्यांचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन करून निजलेले किल्लारी कोसळले. बावन्न गावे पुढे नव्या जागी वसविण्यात आली. घरे मिळाली, मनाचे काय? भूकंपानंतर सुमारे महिन्याने मानसोपचारतज्ज्ञांनी वाचलेल्या काही लोकांस तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिकांत मनोविकार आढळला.

कित्येक गृहस्थ विचारतात, नुसत्या बोलण्याने काय होणार? हे बोलणे म्हणजे पारावरच्या गप्पा नव्हेत, आणि पूर येताच सर्वांस एकदा बसवून 'रडा, बोला' म्हणणेही नव्हे. तसे न करण्याचाच सल्ला जागतिक आरोग्य संघटना देते. ज्या आठवणीपासून मनुष्य पळतो तिच्याकडे शिकलेल्या माणसाच्या सोबतीने टप्प्याटप्प्याने पाहणे, सोडलेली कामे एकेक करून पुन्हा हाती घेणे, असे हे शिस्तीचे काम आहे. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षित समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकींत तीव्र औदासीन्याच्या रुग्णांस नेहमीच्या उपचारांहून अधिक आराम दिला, असे २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. ते रुग्ण पूरग्रस्त नव्हते, हे खरे. परंतु मोठ्या पदव्यांवाचून हे काम होऊ शकते, एवढे त्यावरून सिद्ध होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दुःखाचे मूळ कर्ज, तेथे समुपदेशन ही थट्टा! कर्जाची भरपाई शब्दांनी व्हावी, असे आम्ही कोठे म्हटले? नुकसानभरपाईचा प्रत्येक पैसा मिळालाच पाहिजे. पण अंथरुणातून उठण्याची शक्ती गमावलेला शेतकरी तिच्यासाठी कचेरीत जाणार कसा? आणि त्याच्या हातात झोपेच्या गोळ्यांचे पाकीट देऊन वाटेस लावणे ही थट्टा नव्हे काय?

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी उपचाराचा हक्क प्रत्येकास दिला आहे. १४४१६ हा 'टेलिमानस'चा क्रमांकही आहे. क्रमांक फिरविण्याचे धैर्य ज्यास उरले नाही, त्याच्या दारी कोणी जावे? तेव्हा गंगाखेड, पालम, पूर्णा या गोदाकाठच्या तालुक्यांत पूर ओसरल्यावर निदान वर्षभर ठराविक वारी प्रशिक्षित समुपदेशक बसावा, आशा कार्यकर्तीने घरोघर चौकशी करावी आणि त्या चौकशीचा मोबदला तिला वेगळा द्यावा, अशी आमची मागणी आहे.