काक्षी मंदावला तर घाबरू नका

मृग तारकासमूहातला तांबूस काक्षी तारा मंदावला की मोबाइलवर निरोप फिरू लागतात. तारा फुटणार, पृथ्वीवर संकट येणार! पंचांगातल्या आर्द्रा नक्षत्राचा तारा हाच मानतात, त्यामुळे घरातली वडीलधारी माणसं जास्तच धास्तावतात. असा निरोप आला तर पुढे पाठवू नका.

काक्षी फुगतो आणि आक्रसतो. एक फेरा साधारण 400 दिवसांचा. तेज थोडं कमी-जास्त व्हायचंच.

2019 च्या अखेरीस मात्र तो फारच उतरला. फेब्रुवारी 2020 मध्ये तेज नेहमीच्या साधारण एक तृतीयांशावर आलं. कंदील मिणमिणला तर तेल संपलं की काच काजळली, हे नुसत्या उजेडावरून कळत नाही. ताऱ्याचंही तसंच. म्हणून शास्त्रज्ञांनी वर्णपट घेतला, म्हणजे प्रकाशातले रंग सुटे करून पाहिले.

त्या रंगांत काळ्या रेषा असतात. रेषा निळ्याकडे सरकल्या, तर ताऱ्याचा पृष्ठभाग आपल्याकडे येतोय. तांबड्याकडे सरकल्या, तर मागे जातोय. तापमानही वर्णपटावरूनच कळतं. ते सुमारे 3600 केल्विन निघालं, 2004 पेक्षा जेमतेम 50 ने कमी. एवढ्याशा फरकाने तेज इतकं पडत नाही. त्याआधी काही महिने हबल दुर्बिणीला पृष्ठभागावरून दाट, तप्त वायू बाहेर पडताना दिसला होता. तो निवून त्याची धूळ झाली आणि ती आड आली, असं बहुतेक अभ्यासकांचं मत आहे. एप्रिलपर्यंत काक्षी पुन्हा उजळला.

कधीतरी तो फुटेल, हे खरं. पण तो आपल्यापासून शेकडो प्रकाशवर्षं दूर आहे. तेव्हाही आपल्याला इजा होणार नाही. मुलांना हे आवर्जून सांगा.

आणि त्यांना गच्चीवर न्या. जानेवारीत रात्री आठ-नऊला पूर्वेकडे तोंड करा. मृगातले ओळीतले तीन तारे सापडले की त्यांच्या डावीकडे तांबूस काक्षी, उजवीकडे निळसर राजन्य. दुर्बीण विकत घ्यायची गरज नाही. दिवे बंद करून पंधरा मिनिटं अंधारात थांबा, मोबाइल खिशातच राहू द्या.

मग काक्षीची राजन्य आणि रोहिणी या ताऱ्यांशी तुलना करा. कुणापेक्षा तेजस्वी, कुणापेक्षा मंद, ते तारीख-वेळ घालून वहीत लिहा. क्षितिजाजवळ तारे मंदच दिसतात, म्हणून तिन्ही चांगले वर आल्यावरच बघा. आठवड्यातून एकदा पुरे. ढग असतील तर 'ढग' एवढंच लिहा, अंदाजाने काही भरू नका.