ज्वारीचे घोडे कुठे पेंड खाते?

जनुकीय संपादनातून तयार झालेले भाताचे दोन वाण केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये जाहीर केले. साहजिकच पुढचा प्रश्न ज्वारीचा. सोलापूर-मराठवाड्याच्या कोरडवाहू पट्ट्यातली भाकरी आणि जनावरांचा कडबा या पिकावर अवलंबून आहे. ज्वारीचा जनुकीय आराखडा तर २००९ मध्येच उलगडला. टारफुला हे तण ज्वारीच्या मुळांवर जगते. त्याला रोखण्यासाठी कोणते जनुक बंद करावे, हेही ठाऊक आहे. मग अडते कुठे?

अडचण जनुक कापणाऱ्या ‘कात्री’ची नाही. ती पेशीत पोहोचवून त्या एका पेशीतून अख्खे रोप उभे करावे लागते. या कामी ॲग्रोबॅक्टेरियम हा जीवाणू वापरतात. तो स्वतःचे जनुक वनस्पतीच्या पेशीत सोडतो. त्यांच्या जागी शास्त्रज्ञ हवी ती जनुके भरतात. मात्र ज्वारीचे कोवळे भ्रूण काढून वाढवायला ठेवले, की त्यातून फिनॉलवर्गीय द्रव्ये स्रवतात, माध्यम काळवंडते आणि पेशी मरतात. २००० मध्ये या पद्धतीला प्रथम यश आले, तेव्हा शंभर भ्रूणांमागे जेमतेम दोन यशस्वी ठरले. २०१४ पर्यंत हे प्रमाण ३३ टक्क्यांपर्यंत पोहोचले, पण ‘टीएक्स ४३०’ या अमेरिकी वाणात.

२०१६ मध्ये ‘बेबी बूम’ आणि ‘वुशेल २’ या जनुकांनी चित्र बदलले. ती पेशीला नव्याने भ्रूण बनायला लावतात. त्यामुळे पूर्वी दाद न देणारे वाणही प्रतिसाद देऊ लागले. मात्र हीच जनुके रोपात राहिली, तर वाढ बिघडते आणि रोप वांझ निघू शकते. काम झाल्यावर ती काढून टाकावी लागतात. भारतात याला आणखी एक कारण आहे. परकीय जनुक नसलेल्या संपादित वाणांनाच २०२२ पासून जीएम पिकांच्या कठोर नियमांतून सूट आहे.

शिवाय हे तंत्र ‘पायोनियर’ या बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेतून आले असून ते पेटंटने बांधलेले आहे. सरकारी संस्थांना परवाने मिळवावे लागतील किंवा स्वतःची वाट शोधावी लागेल. रब्बीतली ‘मालदांडी’ शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या जपली, ती भाकरीच्या चवीसाठी आणि कडब्यासाठी. सुधारणा अमेरिकी वाणात करून ती संकराने मालदांडीत आणायची, तर अनेक हंगाम जातात. म्हणून या तंत्राची खरी कसोटी ‘टीएक्स ४३०’मध्ये नव्हे, मालदांडीत आहे.