दाखविणारे कोण आणि दाखविले काय?



‘वास्तू’ हा शब्द उच्चारताच तुमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? राजाबाई टॉवर उभा राहतो, बोरीबंदरचे स्टेशन उभे राहते, एखाद्या सरदाराचा वाडा उभा राहतो. ज्या दहा बाय सोळाच्या खोलीत तुमचा जन्म झाला, ती खोली मात्र उभी राहत नाही. हा तुमचा दोष नव्हे. कानाला जसा गुरू असतो तसा डोळ्यालाही असतो, आणि आपल्या डोळ्यांचे गुरू आजवर दुसरेच होते. अशाच एका गुरूची हकीकत आज सांगावयाची आहे. तो गुरू चांगला आहे, म्हणूनच त्याची निवड केली. वाईटाचे दोष काढण्यात पुरुषार्थ तो कोणता?

अमेरिकेत शिकागो नावाचे महानगर आहे. 1871 च्या आगीत ते जळाले आणि पुढील वीस-पंचवीस वर्षांत पोलादी सांगाड्याच्या उंच इमारतींचे माहेरघर झाले. परंतु ज्या शहराने त्या इमारती बांधल्या त्याच शहराने त्या पाडावयासही घेतल्या. 1961 मध्ये गॅरिक नाट्यगृह पाडले. 1972 मध्ये जुन्या शेअर बाजाराची इमारत पाडली जात असताना तिचे कोरीव नमुने वाचवू पाहणारा रिचर्ड निकेल हा छायाचित्रकार ढिगाऱ्याखाली सापडून मेला. दगडावरील नक्षीसाठी प्राण देणाऱ्या त्या माणसापुढे आम्ही मस्तक लववितो.

1966 मध्ये प्रेअरी अ‍ॅव्हेन्यूवरील ग्लेस्नर हाऊस पाडण्याची वेळ आली. शेतीची यंत्रे बनविणाऱ्या एका कारखानदारासाठी रिचर्डसन या नामांकित स्थापत्यकाराने 1887 मध्ये पुरी केलेली ही दगडी हवेली. काही वास्तुविशारद व नागरिक एकत्र आले, त्यांनी नफ्याची अपेक्षा न ठेवणारी एक संस्था स्थापिली आणि 35 हजार डॉलरला हवेली विकत घेऊन वाचविली. तीच संस्था आज शिकागो आर्किटेक्चर सेंटर या नावाने ओळखली जाते. 1971 पासून ती स्वयंसेवक मार्गदर्शक तयार करीत आली आहे. हे मार्गदर्शक लोकांना पायी हिंडवितात आणि नदीतून नावेने फिरवून दोन्ही तीरांवरील इमारतींची कुळकथा सांगतात. 2018 मध्ये संस्था नदीकाठच्या नव्या जागेत गेली. तेथे चार हजारांहून अधिक इमारतींची शहराची प्रतिकृती मांडलेली आहे. सामान्य माणसाला आपले शहर वाचता यावे, ही ज्ञानाची सोय आहे. ती नको असे आम्ही म्हणणार नाही.

परंतु 1966 हे वर्ष ध्यानात ठेवा.

त्याच वर्षाच्या जानेवारीत मार्टिन ल्यूथर किंग शिकागोस आले आणि शहराच्या पश्चिम भागातील लॉन्डेल वस्तीत, हॅम्लिन अ‍ॅव्हेन्यूवरील एका मोडक्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड करून राहिले. कृष्णवर्णीयांना कसल्या घरांत कोंबले आहे, हे राष्ट्राला दाखवावयाचे होते. 5 ऑगस्ट रोजी गोऱ्यांच्या मार्केट पार्क भागातून त्यांचा मोर्चा निघाला तेव्हा त्यांच्या मस्तकावर दगड बसला. एकाच शहरात, एकाच वर्षी, घराचे दोन प्रश्न उपस्थित झाले. एक एका रिकाम्या हवेलीचा, दुसरा लक्षावधी जिवंत माणसांचा. पहिला सुटला. हवेली आजही डौलाने उभी आहे. किंग राहिले ती इमारत पुढे जमीनदोस्त झाली आणि त्या जागेवर 2011 मध्ये त्यांच्या नावाची भाड्याची घरे उभी राहिली.

येथे कोणी म्हणेल, की हवेली सुंदर होती आणि ती इमारत सामान्य होती. सौंदर्याचे जतन होणारच. या युक्तिवादाचे उत्तर मेक्का फ्लॅट्स नावाच्या इमारतीत आहे, आणि ते सविस्तर सांगितले पाहिजे.

मेक्का 1892 मध्ये बांधली गेली. दुसऱ्या वर्षी शिकागोत जागतिक प्रदर्शन भरावयाचे होते, त्याच्या पाहुण्यांसाठी. (याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत अनागारिक धर्मपालांनी बुद्धाचा संदेश अमेरिकेस ऐकविला, हे तुम्ही जाणता. त्याच प्रदर्शनात कृष्णवर्णीयांना स्थान का नाही, असा जाब विचारणारी पुस्तिका आयडा वेल्स व फ्रेडरिक डग्लस यांनी वाटली, हे बहुधा जाणत नाही.) मेक्का ही नक्षीदार लोखंडी कठड्यांची, काचेच्या छपरांतून प्रकाश उतरणाऱ्या दोन भव्य अंतर्गत चौकांची इमारत होती. म्हणजे सौंदर्याच्या कसोटीवरही ती कमी नव्हती. पुढे दक्षिणेकडून कृष्णवर्णीयांचे लोंढे आले आणि मेक्का त्यांची झाली. तिच्या नावावर गाणे रचले गेले, इतकी ती त्या समाजाच्या ओठांवर होती.

तिच्यात दाटी का झाली? कारण बाहेर जागा नव्हती. शिकागोत घरमालक आपसांत करार करीत की आमचे घर कृष्णवर्णीयास विकणार नाही व भाड्यानेही देणार नाही. असे करार न्यायालयाकरवी अंमलात आणता येणार नाहीत, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1948 मध्ये दिला. आपल्याकडे करार लिहीत नाहीत. आडनाव विचारतात आणि जागा नुकतीच गेली म्हणून सांगतात. कागद वाचतो एवढाच फरक.

तेथील तंत्रशिक्षणसंस्थेला आपले आवार वाढवावयाचे होते. तिने 1938 मध्ये मेक्का विकत घेतली. रहिवासी उठेनात. आम्ही जावे कोठे, हा त्यांचा साधा प्रश्न होता, आणि तो त्यांनी विधिमंडळापर्यंत नेला. दहा वर्षांहून अधिक काळ ते लढले. अखेरीस 1952 मध्ये मेक्का पाडली गेली. त्या भूमीवर 1956 मध्ये मीस व्हान डेर रोहे या जगद्विख्यात स्थापत्यकाराचा क्राऊन हॉल उभा राहिला. आत एकही खांब नसलेला, 120 फूट रुंद व 220 फूट लांब, पोलाद आणि काचेचा एकच विशाल कक्ष! जगभरचे विद्यार्थी तो पाहावयास येतात. 2001 मध्ये तो राष्ट्रीय स्मारक ठरला. आणि 2018 मध्ये त्याच्या आवारात खोदकाम चालू असता मेक्काच्या तळघराची फरशी जमिनीखालून वर आली. योगायोग असा की, त्याच वर्षी आर्किटेक्चर सेंटरने जी नवी जागा घेतली ती इमारतही मीसच्याच आराखड्याची.

तेव्हा सौंदर्य हा खरा निकष नव्हता. सुंदर इमारतीत कोण राहतो, हा निकष होता. मेक्कात कारखानदार राहिला असता तर तिच्यासाठीही 35 हजार डॉलर जमले नसते असे कोण छातीठोकपणे सांगेल?

केंद्राचे मार्गदर्शक ही हकीकत दडवितात असा आमचा आरोप नाही. 2011 पासून हे केंद्र दरवर्षी काही दिवस शहरातील अनेक इमारतींची दारे लोकांना विनामूल्य उघडी करते आणि त्यांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्याही असतात. आमचा आक्षेप दृष्टीवर आहे. स्थापत्याचा इतिहास बांधणाऱ्याच्या नावाने लिहिला जातो. राहणाऱ्याचे नाव त्यात शिरत नाही. रिचर्डसनची हवेली, मीसचा कक्ष! मग मेक्का कोणाची? ज्यांनी ती दहा वर्षे लढविली त्यांची नावे कोणत्या फलकावर आहेत? पाहुणा वस्तीत येऊन जाणे वेगळे आणि वस्तीने आपली हकीकत आपल्या मुखाने सांगणे वेगळे.

हे दुसरे घडू शकते, याचा पुरावाही शिकागोतच आहे. तेथे सरकारने गरिबांसाठी प्रचंड गृहसंकुले बांधली होती. रॉबर्ट टेलर होम्स या एका संकुलात सोळा मजल्यांच्या 28 इमारती होत्या. 1962 मध्ये पुऱ्या झाल्या, 2007 पर्यंत एकूण एक पाडल्या. तेव्हा सरकारी घरांच्या रहिवाशांनीच आग्रह धरला की एक तरी इमारत ठेवा, आमची कथा आम्ही सांगू. 1938 च्या जेन अ‍ॅडम्स होम्सची शिल्लक राहिलेली एकच इमारत त्यांनी वाचविली आणि एप्रिल 2025 मध्ये तेथे सार्वजनिक गृहनिर्माणाचे राष्ट्रीय संग्रहालय उघडले. तेथे ज्यू कुटुंबाची खोली आहे, कृष्णवर्णीय कुटुंबाची आहे. भांडी आहेत, भिंती आहेत, आणि बोलणारे रहिवासी आहेत. याला वर्षे लागली. हवेलीला इतकी लागली नव्हती.

अमेरिकेच्या या कथेशी तुमचा संबंध काय, असे विचाराल तर 1946 साली बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य सांगितले होते, याची आठवण द्यावी लागेल. मुंबईत 2018 मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या 94 इमारती युनेस्कोने जागतिक वारसा ठरविल्या. उत्तम झाले. परंतु त्याच मुंबईत वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे बीडीडीच्या 207 चाळी 1920 नंतरच्या दशकात बांधल्या गेल्या, त्यांत आपल्या समाजाच्या पिढ्या वाढल्या, 1974 ची वरळीची दंगल त्यांनी सोसली. परळच्या बीआयटी चाळीत तर खुद्द बाबासाहेब वीस वर्षांहून अधिक काळ राहिले. या इमारती दाखवावयास कोणती नाव निघते?

आमचा गैरसमज करून घेऊ नका. चाळ जशीच्या तशी राहू द्या, असे आम्ही म्हणत नाही. 160 चौरस फुटांत ज्याने आठ माणसे झोपविली त्याला चाळीचे सौंदर्य सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या पहिल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, याचा आम्हांला आनंदच आहे. घर मोठे व्हावे, सामाईक संडास जावा. पण त्या खोलीची नोंद तिच्याबरोबर ढिगाऱ्यात जाऊ नये.

कार्ल्याच्या लेण्यात तुम्ही मुलांना घेऊन जाता. पुढल्या खेपेस दारावरील लेख पाहा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी धेनुकाकटाच्या सामी नावाच्या सुताराने हे द्वार घडविले, असे तेथे कोरले आहे. दान देणारा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी होता, त्याचेही नाव तेथेच आहे. बौद्धांच्या वास्तूवर सुताराचे नाव दारातच सापडते!

तेव्हा घर बदलण्यापूर्वी एवढे करा. खोली मोजा व तिचा नकाशा मुलांकडून काढवून घ्या. नळ कोठे होता, रांग किती वाजता लागे, बाबासाहेबांची तसबीर कोणत्या भिंतीवर होती, धर्मांतराच्या दिवशी कोणत्या देवांचे टाक बाहेर गेले आणि ते कोणी नेले, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. मजल्यावरील प्रत्येक कुटुंबाचे नाव लिहा. शेजारणीचेही, जिच्याशी तुमचे बोलणे नाही. वहीच्या दोन प्रती करा आणि एक विहारात ठेवा. पाडकामाची तारीख लागली की कंत्राटदार कोणासाठी थांबत नाही.