तेलगळतीवर औषध नाही, पथ्य आहे

७ ऑगस्ट २०१० च्या सकाळी मुंबई बंदराजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' या दोन मालवाहू जहाजांची टक्कर झाली. चित्रा एका बाजूला कलंडले, त्यावरचे शेकडो कंटेनर समुद्रात पडले आणि सुमारे ८०० टन इंधन तेल पाण्यात पसरले. बंदरातली वाहतूक काही दिवस ठप्प झाली. तेलाचा काळा थर एलिफंटा, उरण, अलिबागच्या किनाऱ्यांना आणि कांदळवनांना चिकटला. नारळी पौर्णिमा अवघ्या सतरा दिवसांवर होती. ऐन हंगामाच्या तोंडावर लोकांनी मासळीकडे पाठ फिरवली आणि कोळी कुटुंबांच्या चुलीवर त्याचा परिणाम झाला.

देगलूर किंवा बिलोलीच्या वाचकाला हे दूरचे वाटेल. पण आपल्या आठवडी बाजारातले सुके बोंबील आणि सुकट समुद्रातूनच येतात. शिवाय समुद्रात जाणारे सगळेच तेल जहाजांतून सांडत नाही. त्याकडे शेवटी येऊ.

विषबाधेचा रुग्ण आला की डॉक्टर आधी विचारतात, विष कोणते, किती आणि कोणत्या वाटेने शरीरात गेले? तेलगळतीलाही हाच प्रश्न विचारला, तर तिचे खरे स्वरूप कळते.

पहिली वाट कातडीची आणि पिसांची. पाणपक्ष्यांच्या पिसांचे बारीक तंतू एकमेकांत अडकलेले असतात. त्यामुळे पाणी आत शिरत नाही आणि अंगाची ऊब टिकते. तेल लागले की तंतू एकमेकांना चिकटतात, त्यांची घडण मोडते आणि पक्षी गारठतो, बुडू लागतो. अंग साफ करण्यासाठी तो चोचीने पिसे विंचरतो आणि तेच तेल पोटात जाते. मग लाल रक्तपेशी फुटून पंडुरोग होतो, यकृत आणि मूत्रपिंडाला इजा होते.

दुसरी वाट श्वासाची. कासव आणि डॉल्फिन फुप्फुसांनी श्वास घेतात आणि त्यासाठी त्यांना पाण्याच्या पृष्ठभागावर यावेच लागते. तेलाचा तवंग आणि त्याची वाफ असते ती नेमकी तिथेच. २०१० मध्येच मेक्सिकोच्या आखातात तेलविहीर खोदणाऱ्या 'डीपवॉटर होरायझन' या तरंगत्या मंचावर स्फोट झाला. त्यानंतर लुईझियानाच्या बॅराटेरिया उपसागरातले डॉल्फिन तपासले, तेव्हा अनेकांना फुप्फुसांचे गंभीर आजार आढळले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या वाळूत अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले कासवेही याच हवेवर जगतात.

तिसरी वाट पोटाची. कालवे, तिसऱ्या, शिंपल्या पाणी गाळून अन्न मिळवतात. त्यामुळे पाण्यातले तेलाचे घटक त्यांच्या शरीरात साठतात. पावसाळ्याच्या सुमारास कोकण-गोव्याच्या किनाऱ्यांवर डांबराचे गोळे येऊन पडतात. समुद्रात असताना कासवे असे गोळे खाद्य समजून गिळतात.

चौथी वाट सर्वांत कमी दिसते, ती म्हणजे अंड्यांची. कच्च्या तेलात 'पीएएच' नावाने ओळखली जाणारी संयुगे असतात. हृदयाच्या पेशीत कॅल्शियम आणि पोटॅशियमची जी ये-जा चालते, तिच्यावर हृदयाचे ठोके अवलंबून असतात. ही संयुगे नेमकी तीच बिघडवतात. माशांच्या भ्रूणात त्यामुळे ठोके अनियमित होतात, हृदय वेडेवाकडे वाढते. किनाऱ्यावर पडलेले मेलेले मासे मोजता येतात. जे कधी मोठेच झाले नाहीत, ते कोणत्याही पंचनाम्यात येत नाहीत. म्हणून 'मोठी जीवितहानी नाही' अशी बातमी आली, तरी पुढच्या हंगामात जाळे हलके भरू शकते.

कांदळवनांचेही असेच. चिखलातून वर आलेल्या मुळांच्या छिद्रांतून ही झाडे श्वास घेतात. ती छिद्रे तेलाने बुजली की झाड गुदमरते आणि त्याच्या आसऱ्याने वाढणारी कोळंबी, खेकडे, माशांची पिल्लेही निराधार होतात.

एकदा सांडलेले तेल गोळा करता येत नाही का? येते, पण थोडेच. तरंगते अडसर टाकून तेल अडवतात, यंत्रांनी खेचून घेतात. शांत पाण्यात हे जमते, पावसाळी लाटांत तेल अडसरावरून उडून जाते. काही वेळा रसायने फवारून तवंग फोडतात. त्याने पक्षी आणि किनारा वाचू शकतो, पण तेल नाहीसे होत नाही, बारीक थेंब होऊन पाण्यात मिसळते. तेल खाणारे जिवाणू निसर्गात आहेत आणि आपल्या उबदार समुद्रात ते जोमाने काम करतात, हेही खरे. मात्र प्राणवायू नसलेल्या चिखलात त्यांचे काम फार मंदावते. अलास्कात १९८९ मध्ये 'एक्सॉन वाल्डेझ' टँकरमधून सुमारे ३७ हजार टन तेल सांडले. अंदाजे अडीच लाख समुद्रपक्षी मेले आणि काही किनाऱ्यांच्या दगडगोट्यांखाली ते तेल अनेक वर्षांनंतरही सापडत राहिले.

म्हणून तेलगळतीवर औषध शोधण्यापेक्षा पथ्य पाळणे बरे. आणि हे पथ्य लागू पडते, याचा पुरावा आहे. १९७० च्या दशकात जगभर टँकरमधून सात टनांहून मोठ्या गळत्या वर्षाला सरासरी ७९ होत. २०१० च्या दशकात त्या सातच्याही खाली आल्या. टँकरला दुहेरी तळ आणि दुहेरी भिंती सक्तीच्या झाल्या, तपासण्या कडक झाल्या, त्याचे हे फळ.

पण चित्रा टँकर नव्हते. मालवाहू जहाजांच्या इंधनटाक्यांना संरक्षक कवच हवे, हा आंतरराष्ट्रीय नियम १ ऑगस्ट २०१० पासून ताब्यात दिलेल्या नव्या जहाजांना लागू झाला, टकरीच्या जेमतेम आठवडाभर आधी. चित्रा तीस वर्षे जुने होते. पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट २०११ रोजी, मुंबईजवळ कोळसा घेऊन बुडालेले 'रॅक' जहाजही जुनेच होते. मे २०२५ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ बुडालेले 'एमएससी एल्सा ३' १९९७ सालचे होते. जुने जहाज आणि पावसाळी समुद्र ही जोडी पुन्हा पुन्हा दिसते.

तेव्हा जुन्या जहाजांची पावसाळ्याआधी कसून तपासणी हवी आणि दोष सापडला तर जहाज रोखून धरण्याची तयारी हवी. मुंबई आणि न्हावा शेवा या दोन बंदरांच्या जहाजांना एकाच चिंचोळ्या मार्गाने ये-जा करावी लागते, तिथल्या संदेश व्यवस्थेत क्षणाचाही खंड परवडणारा नाही. तटरक्षक दल खोल समुद्रात उतरते, पण खाडीच्या तोंडाशी अडसर टाकण्यासाठी कोळी बांधवांनाच आधी प्रशिक्षण आणि साहित्य दिले पाहिजे. भरपाईही वेळेवर हवी. रॅक प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने जहाज कंपन्यांना १०० कोटी रुपये भरायला सांगितले ते ऑगस्ट २०१६ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी. कडक नियमांनी मालवाहतूक महाग होईल, असे म्हटले जाते. होईलही. पण आज तोच खर्च कोळ्याच्या आणि कासवाच्या माथी मारला जातो आहे.

आता आपल्याकडे वळू. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २०२२ च्या अहवालानुसार उत्तर अमेरिकेच्या समुद्रात पोहोचणाऱ्या तेलाचा सर्वांत मोठा स्रोत जमिनीवरून वाहून येणारे पाणी हा आहे. अकोला-नांदेड-देगलूर महामार्गालगतच्या गॅरेजमध्ये गाड्यांतून काढलेले काळे ऑइल नालीत ओतले, तर पावसात ते लेंडीत जाते, लेंडीतून मांजरेत, कंदकुर्तीला गोदावरीत आणि अखेर बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागते, जिथे नदीच्या मुखाशी कोरिंगाचे कांदळवन उभे आहे. तिथवर पोहोचण्याआधी त्याचा त्रास आपल्याच नदीतल्या माशांना आणि विहिरींना होतो.

वापरलेल्या ऑइलच्या पुनर्वापराची जबाबदारी १ एप्रिल २०२४ पासून उत्पादक कंपन्यांवर आहे. नगर परिषदेने गॅरेजवाल्यांसाठी एक संकलन केंद्र उघडावे आणि तिथले ऑइल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जाईल हे पाहावे. गाडीचे ऑइल बदलताना 'जुने कुठे टाकता?' एवढा प्रश्न ग्राहकाने विचारला, तरी पथ्याची सुरुवात झाली.